राज्यांनी केलेले घुसखोरीविरोधी कायदे: मंजूर कसे होतात, अडतात कुठे? ॲरिझोना, टेक्सास आणि आपण

राजारामपुरी_आठवी

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात विद्यापीठात वादविवाद स्पर्धा आहे. विषय आलाय, 'परकीय घुसखोरीविरुद्ध कायदे करण्याचा अधिकार राज्यांना हवा', आणि मला बाजूने बोलायचंय. अमेरिकेची उदाहरणं सगळेच देतात, पण राज्याचं नाव घेण्यापलीकडे कोणी जात नाही.

इमिग्रेशन तिथे केंद्राच्या अखत्यारीत असताना ही राज्यं कोणत्या जोरावर कायदे करतात? सभागृहात अडवतं कोण? कोर्टात काय टिकलं, काय उडालं? आणि आपल्या विधिमंडळाला असं काही करता येईल का? निवडणूक लागली की बिंदू चौकापासून इचलकरंजीपर्यंत प्रत्येक सभेत 'राज्यानं कडक कायदा करावा' हे वाक्य येतंच, म्हणून विचारतोय. कलमांसकट सांगितलंत तर उपकार होतील. कुठला पक्ष चांगला, कुठला वाईट हे मात्र नको.

पंचगंगा_काठ

ॲरिझोनाचा २०१० चा घुसखोरीविरोधी कायदा, एसबी १०७० (एसबी म्हणजे सिनेटचं विधेयक), नीट वाचा. नंतरच्या राज्यांनी एक तर त्याची नक्कल केली, नाही तर त्याच्या अपयशातून पळवाट शोधली.

आधी त्याचं राजकारण. जेनेट नापोलिटानो या डेमोक्रॅट गव्हर्नर असताना अशा धाटणीच्या विधेयकांवर त्या नकाराधिकार वापरायच्या. जानेवारी २००९ मध्ये त्या ओबामांच्या मंत्रिमंडळात गेल्या आणि राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्य सचिव) असलेल्या रिपब्लिकन जॅन ब्रुअर गव्हर्नर झाल्या. दोन्ही सभागृहांत बहुमत आधीपासून होतं, अडकलं होतं ते फक्त सहीवर. एप्रिल २०१० मध्ये प्रतिनिधीगृहात ३५ विरुद्ध २१, सिनेटमध्ये १७ विरुद्ध ११ मतं पडली आणि २३ एप्रिलला सही झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रुअर यांची निवडणूक होती, हेही लक्षात घ्या.

विधेयक मांडणारे सिनेटर रसेल पिअर्स, आणि मसुद्यामागचं कायद्याचं डोकं कॅन्ससचे वकील क्रिस कोबाक. त्यांची युक्ती साधी होती. केंद्राच्या कायद्यात जे गुन्हे आहेत तेच राज्याच्या कायद्यात उतरवायचे आणि म्हणायचं की आम्ही नवा नियम केलेलाच नाही, तुमचाच नियम तुमच्या वतीनं राबवतोय.

सहीनंतर आठवडाभरातच दुरुस्ती विधेयक आणावं लागलं, एचबी (प्रतिनिधीगृहाचं विधेयक) २१६२. मूळ मसुद्यात पोलिसांचा 'कायदेशीर संपर्क' आला की कागदपत्रं विचारा असं होतं. म्हणजे तक्रार द्यायला आलेला माणूससुद्धा त्यात येतो. दुरुस्तीत ते 'कायदेशीर थांबवणं, ताब्यात घेणं किंवा अटक' असं झालं. वंशाचा मुद्दाही बदलला. आधी 'केवळ' वंशावरून संशय घेऊ नये असं होतं, त्यातला 'केवळ' काढला. भाषणात हा एक शब्द दाखवा, मसुदा कोर्टाच्या धाकानं कसा घडतो ते परीक्षकांना लगेच कळेल.

२५ जून २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. न्या. केगन बाजूला राहिल्या होत्या, म्हणून आठच न्यायाधीश, आणि निकालपत्र न्या. केनेडींचं. कलम ३ (परकीय नोंदणीचे कागद जवळ नसणं हा राज्याचा गुन्हा) उडालं. कलम ५(क) (परवानगी नसताना काम मागणं हा गुन्हा) उडालं. कलम ६ (हद्दपारीस पात्र असल्याच्या संशयावरून वॉरंटविना अटक) उडालं. राहिलं ते २(ब), म्हणजे दुसऱ्या कारणानं थांबवलेल्या माणसाबद्दल वाजवी संशय असेल तर त्याच्या दर्जाची (देशात राहायचा कायदेशीर हक्क आहे की नाही याची) विचारणा केंद्राकडे करणं. तेही 'सध्या तरी', अंमलबजावणी कशी होते ते बघू, असं म्हणून.

रस्त्यावर या २(ब) चं काय होतं? हवालदाराला स्वतःला काहीच ठरवता येत नाही. तो केंद्राच्या मदत केंद्राला विचारतो (ते व्हरमाँट राज्यात आहे) आणि उत्तराची वाट बघतो. मागचा दिवा फुटला म्हणून गाडी थांबवली असेल तर पावती फाडायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ माणसाला रोखता येतं. त्याच्या आत उत्तर आलं तर ठीक. नाही आलं तर सोडायचं, नाही तर बेकायदा स्थानबद्धतेचा दावा अंगावर. उलट कलम २(ह) सांगायचं की खात्यानं अंमलबजावणी आखडती ठेवली तर राज्यातला कोणीही कायदेशीर रहिवासी खात्यावर दावा लावू शकतो, दंड दिवसाला ५०० ते ५,००० डॉलर. बिचारा पोलिस दोन्हीकडून सापडला! २०१६ च्या तडजोडीत शेवटी राज्यानंच पोलिसांना लेखी कळवलं की निव्वळ दर्जा तपासण्यासाठी कोणाला जास्त वेळ थांबवू नका.

उद्यमनगर_लेथवाला

वरचं सगळं बरोबर, पण खरी मेख कोर्टात नाही, कारखान्याच्या गेटवर आहे. भावा, विधेयक हातात आलं की मोठ्या अक्षरातलं कलम बघू नकोस. मालकाबद्दल काय लिहिलंय आणि काय गाळलंय ते आधी बघ. या कायद्यांचं सगळं राजकारण तिथं सापडतं.

टेक्सासचंच घे. नदी ओलांडून येणाऱ्याला राज्याचा गुन्हेगार ठरवायला सभागृह एका पायावर तयार. पण प्रत्येक खासगी मालकानं कामगाराचा दर्जा केंद्राच्या ई-व्हेरिफाय यंत्रणेवर तपासलाच पाहिजे, अशी सरसकट सक्ती तिथं आजवर झालेली नाही. २०२५ मध्ये तसं विधेयक सिनेटनं मंजूर केलं आणि प्रतिनिधीगृहात ते पडून राहिलं. बांधकाम, शेती, हॉटेल, मांस कारखाने हे सगळे देणगीदार. गुन्हा मजुराचा, मालकाला हात नाही लावायचा.

फ्लोरिडात २०२० मध्ये सक्ती आली ती सरकारी कार्यालयं आणि त्यांचे ठेकेदार एवढ्यापुरती. २०२३ च्या एसबी १७१८ नं ती खासगी मालकांवर आणली, पण २५ किंवा जास्त कामगार असतील तरच. २४ नोकर असलेला ठेकेदार बाहेर! दंडही लगेच नाही. २४ महिन्यांत तीनदा चूक सापडली तर दिवसाला १,००० डॉलर.

आता गंमत बघ. मालकाला हात लावणारा कायदा कोर्टात टिकतो, मजुराला धरणारा उडतो. ॲरिझोनानंच २००७ मध्ये कायदा केला होता की जाणूनबुजून बेकायदा कामगार ठेवला तर धंद्याचा परवाना निलंबित, दुसऱ्यांदा सापडलास तर कायमचा रद्द. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो ५ विरुद्ध ३ नं उचलून धरला. कारण केंद्राच्या १९८६ च्या कायद्यात राज्यांना मालकांवर दंड बसवायची मनाई आहे, पण 'परवाने आणि तत्सम कायदे' तेवढे वगळलेत. ती फट त्यांनी बरोबर हेरली. म्हणजे टिकणारा रस्ता माहीत असून सभागृहं न टिकणाऱ्या रस्त्यानं जातात. का, ते तूच ओळख.

मार्च २०११ मध्ये त्याच ॲरिझोनात पाच नवी कडक विधेयकं सिनेटमध्ये पडली, बहुमत तेच असताना. त्याआधी ६० कंपनी प्रमुखांनी सह्यांचं पत्र दिलं होतं. एसबी १०७० नंतर अधिवेशनं, परिषदा रद्द होऊन धंद्याला फटका बसला होता. नोव्हेंबर २०११ मध्ये पिअर्सना मतदारांनीच रिकॉल करून (मुदतीआधीच मतदान घेऊन) घरी बसवलं. जॉर्जियात २०११ चा कायदा आल्यावर शेतात तोडणीला माणूस मिळेना, तेव्हा गव्हर्नरनं प्रोबेशनवरचे आरोपी शेतात पाठवायची योजना काढली. ती काही चालली नाही. अलाबामात तर कायदा लागू झाल्यावर मर्सिडीजचा एक जर्मन अधिकारीच कागदपत्रांवरून पोलिसांनी धरला. ज्या कंपनीला पायघड्या घालून आणलं, तिचाच माणूस.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्रीत भट्टीवर कोण उभा असतो आणि इचलकरंजीत माग कोण चालवतो ते आठव, मग हे राजकारण वेगळं शिकायला लागत नाही.

घाटमाथा

टेक्सासबद्दल थोडी भर, कारण तिथली प्रक्रियाच सांगण्यासारखी आहे.

टेक्सासचं विधिमंडळ विषम वर्षात १४० दिवस भरतं. त्यानंतर काही मंजूर करायचं तर गव्हर्नरनं विशेष अधिवेशन बोलवायचं, जास्तीत जास्त ३० दिवसांचं, आणि विषय तोच ठरवणार. २०२३ मध्ये नियमित अधिवेशनात सीमेचं मोठं विधेयक हरकतीच्या मुद्द्यावर कोसळलं. विशेष अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मसुदे जुळेनात, दोन्हीकडे एकाच पक्षाचं बहुमत असूनही. शेवटी चौथ्या विशेष अधिवेशनात एसबी ४ मंजूर झालं आणि १८ डिसेंबर २०२३ ला सही झाली. विरोधी पक्षापेक्षा आपल्याच पक्षातली स्पर्धा आणि घड्याळ या दोन गोष्टी विधेयकं जास्त मारतात.

त्यात काय होतं? अधिकृत बंदर वा ठाणं सोडून परदेशातून राज्यात शिरणं हा राज्याचा गुन्हा, पहिल्या वेळी १८० दिवसांपर्यंत कैद. राज्याचा न्यायाधीश त्याला मेक्सिकोत परत जायचा हुकूम देऊ शकतो आणि तो न पाळल्यास २० वर्षांपर्यंत शिक्षा. शाळा, प्रार्थनास्थळं, दवाखाने इथे अटक नाही. अधिकाऱ्यांवर दावे झाले तर भरपाई सरकारी तिजोरीतून.

आणि इथेच घोडं पेंड खातं. हुकूम टेक्सासच्या न्यायाधीशाचा, पण पुलावरचं ठाणं केंद्राचं आणि पलीकडे दुसरा देश. मार्च २०२४ मध्ये मेक्सिकोनं जाहीरच केलं की टेक्सासनं पाठवलेला एकही माणूस आम्ही घेणार नाही. मग तो माणूस जाणार कुठे? काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) तुरुंगात. किरकोळ गुन्ह्यातल्या कैद्याचा रोजचा खर्च काउंटी करते, राज्य नाही.

कोर्टात २९ फेब्रुवारी २०२४ ला जिल्हा न्यायालयाची स्थगिती. १९ मार्चला सर्वोच्च न्यायालयानं कायदा लागू होऊ दिला आणि काही तासांत अपील न्यायालयानं तो पुन्हा रोखला. ओक्लाहोमा आणि आयोवानं २०२४ मध्ये असेच कायदे केले, तेही अडकले.

न टिकणारा कायदा मुद्दाम करतात तो २०१२ चा निकाल पुन्हा उघडण्यासाठी. त्या निकालाच्या पाच जणांच्या बहुमतातले आज रॉबर्ट्स आणि सोटोमायोर हे दोघेच खंडपीठावर उरलेत. विरोधी मत देणारे थॉमस आणि अलिटो अजून आहेत. हिशेब उघड आहे. पण तो लगेच जमला नाही. फ्लोरिडाच्या २०२५ च्या कायद्यावरची स्थगिती उठवायला सर्वोच्च न्यायालयानं ९ जुलै २०२५ ला नकार दिला, आणि एकाही न्यायाधीशानं जाहीर असहमती नोंदवली नाही.

मार्च २०२५ मध्ये नव्या केंद्र सरकारनं टेक्सास, ओक्लाहोमा आणि आयोवावरचे आपले दावे मागे घेतले. तरी संघटनांचे खटले चालू राहिले. म्हणजे 'केंद्रात आपलं सरकार आलं की प्रश्न मिटला' हे खरं नाही. मग राज्यांनी बिनवादाचा रस्ता धरला, १९९६ च्या कायद्यातलं २८७(जी) कलम. केंद्राशी लेखी करार करायचा, शेरीफच्या (काउंटीच्या पोलिस प्रमुखाच्या) माणसांना केंद्राचं प्रशिक्षण मिळतं आणि ते केंद्राच्या देखरेखीखाली काम करतात. अधिकार उसना, म्हणून कोर्टात टिकतो. उलट केंद्रही राज्यांवर हे काम लादू शकत नाही, १९९७ च्या प्रिंट्झ निकालामुळे. कॅलिफोर्नियाचा असहकाराचा कायदा त्यावरच उभा आहे.

ॲडव्होकेट_कसबा_बावडा

आता आपल्याकडचं. महाराष्ट्र विधिमंडळाला टेक्साससारखा कायदा करता येणार नाही. सातव्या अनुसूचीच्या केंद्रसूचीत नोंद १७ म्हणजे नागरिकत्व आणि परकीय व्यक्ती, नोंद १९ म्हणजे देशात प्रवेश, देशातून हकालपट्टी, पासपोर्ट आणि व्हिसा. राज्यसूचीत तुमच्याकडे नोंद १ सार्वजनिक सुव्यवस्था, नोंद २ पोलिस, नोंद ४ तुरुंग. कोणी म्हणेल की राष्ट्रपतींची संमती घेऊ. अनुच्छेद २५४(२) ची संमती समवर्ती सूचीतल्या विषयांसाठी असते, केंद्रसूचीतल्या विषयाला ती वाचवत नाही. समवर्ती विषयातसुद्धा ती सहज मिळत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये एकमुखानं मंजूर होऊनही संमतीविना राहिलेलं आपलं महिला अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक आठवा.

पण राज्य रिकाम्या हातानं नाही. अनुच्छेद २५८(१) नुसार केंद्र आपली कामं राज्याच्या संमतीनं राज्याकडे सोपवू शकतं, आणि परकीयांना परत पाठवण्याचे अधिकार १९५८ च्या अधिसूचनेनं राज्यांकडे सोपवलेले आहेत. म्हणजे अमेरिकेत करार करून जे मिळवतात, ते आपल्याकडे जुनंच आहे. त्याच अनुच्छेदाचं उपकलम (३) वाचा: सोपवलेल्या कामाचा जादा खर्च केंद्रानं राज्याला द्यायचा. सभेत कायद्याची मागणी करणारे या उपकलमाचं नाव कधी घेत नाहीत.

मूळ कायदा आता १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेला इमिग्रेशन आणि परकीय व्यक्ती कायदा, २०२५. त्यानं १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार कायदे रद्द केले. वैध पासपोर्ट-व्हिसाविना प्रवेशाला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बनावट कागदपत्रांना दोन ते सात वर्षं आणि एक ते दहा लाख दंड. मुदत संपूनही राहिल्यास तीन वर्षांपर्यंत, दंड तीन लाखांपर्यंत. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावरच. एवढं असताना राज्याच्या नव्या कायद्यात लिहिणार काय?

आसामचं उदाहरण तुमच्यावर उलटवलं जाईल, म्हणून तयार राहा. १९५० चा हकालपट्टी कायदा आणि १९८३ चा आयएमडीटी (बेकायदा स्थलांतरित ठरवण्याचा) कायदा हे दोन्ही आसामपुरते असले तरी संसदेचे कायदे. दुसरा २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला, कारण त्यात सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावर टाकून प्रक्रिया इतकी अवघड केली होती की घुसखोराला संरक्षणच मिळत होतं. अनुच्छेद ३५५ (बाह्य आक्रमणापासून राज्यांचं रक्षण हे केंद्राचं कर्तव्य) तिथे वापरला गेला.

राज्य प्रत्यक्षात काय करू शकतं ते कमी आकर्षक असतं. भाडेकरूंची माहिती पोलिसांना द्या असा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालचा हुकूम. कोल्हापुरात आयुक्तालय नाही, म्हणून जिल्हादंडाधिकारी काढणार. मुदत दोन महिने, राज्य सरकारनं वाढवली तर आणखी सहा. मोडल्यास न्याय संहितेचं कलम २२३. दुसरं, उशिरा केलेल्या जन्मनोंदी. २०२३ च्या दुरुस्तीनं एक वर्षानंतरच्या नोंदीचा आदेश प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडून काढून जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे गेला. नंतर तहसील पातळीवर दिलेल्या दाखल्यांवरून मालेगावात केवढा गदारोळ झाला ते तुम्ही वाचलं असेल. तिसरं, हॉटेल आणि लॉजनी परकीय पाहुण्याची माहिती २४ तासांत कळवणं.

चूक कुठे होते? ओळख पटवण्यात. समोरचा माणूस बांगलादेशातला की पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचा, हे भाषेवरून ठरत नाही. युतीच्या काळात १९९८ मध्ये मुंबईहून रेल्वेनं नेलेल्या लोकांना पश्चिम बंगालच्या उलुबेरिया स्थानकात जमावानं सोडवून घेतलं होतं. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रातून सीमेपलीकडे ढकललेल्या काही जणांना ते भारतीयच निघाल्यावर परत आणावं लागलं. टपाल, फोन, गावच्या पोलिस ठाण्याची पडताळणी याला वेळ लागतो, आणि अनुच्छेद २१ व २२ परकीयालाही लागू आहेत. २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, त्यामुळे इथल्या हुकुमाला आव्हान द्यायला मुंबई गाठावी लागत नाही.

राजारामपुरी_आठवी

सर्वांचे मनापासून आभार. वकीलसाहेब, तुमचं वाचून वाटतंय की बाजूने बोलायला काही शिल्लकच नाही! आणि उद्यमनगरवाले दादा, मालकांचा मुद्दा आपल्याकडे कुठे लागू होतो? आपल्याकडे ई-व्हेरिफाय नाही.

उद्यमनगर_लेथवाला

लागू होतोय की. आपल्याकडं त्याच राजकारणाचं रूप म्हणजे स्थानिकांना नोकऱ्या. हरियाणानं ३०,००० पर्यंत पगाराच्या खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिक असा कायदा केला, १५ जानेवारी २०२२ पासून लागू. फरीदाबादचे उद्योजक कोर्टात गेले आणि १७ नोव्हेंबर २०२३ ला उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. कर्नाटकानं जुलै २०२४ मध्ये तसंच विधेयक मंत्रिमंडळात मंजूर करून, उद्योगांनी ओरड केल्यावर लगेच थांबवलं. महाराष्ट्रात ८० टक्क्यांचं धोरण १९६८ पासून आहे, पण ते शासन निर्णयाच्या रूपात. कायदा केला की कोर्टात जातोय, शासन निर्णय फायलीत शांत झोपतोय. आपले पुढारी हुशार आहेत बघ.

ॲडव्होकेट_कसबा_बावडा

बाजूने बोलायला भरपूर आहे, फक्त 'अधिकार हवा' हा शब्द पकडा. आज आहे असं म्हणू नका, घटनादुरुस्ती करून हवा म्हणा. नोंद १७ आणि १९ चा उल्लेख तुम्हीच पहिल्या मिनिटात करा, म्हणजे प्रतिपक्षाचा हुकमी एक्का गेला. सातवी अनुसूची बदलायला अनुच्छेद ३६८(२) खाली निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता लागते, हेही सांगा.

मग १९७६ चा डी कॅनास निकाल घ्या. बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकांवरचा कॅलिफोर्नियाचा कायदा त्यात एकमतानं वाचला होता. न्यायालयाचं म्हणणं, परकीयांशी संबंध आला म्हणून प्रत्येक राज्य-कायदा इमिग्रेशनचा होत नाही. त्याच्या जोडीला उद्यमनगरवाल्यांनी दिलेला २०११ चा परवान्याचा निकाल. २०१२ च्या निकालातलं न्या. स्कालियांचं भिन्नमत भावनिक जोरासाठी चांगलं आहे. सार्वभौम राज्याला आपल्या हद्दीतून कोणाला वगळण्याचा हक्क असतो, हा त्याचा गाभा. पण ते अल्पमत आहे हे सांगूनच वापरा.

उलटतपासणीत एक प्रश्न हमखास येणार: पडताळणी चुकली आणि भारतीय माणूस सीमेपार गेला तर जबाबदार कोण, राज्य की केंद्र? त्याला उत्तर म्हणून प्रस्तावातच अट घाला. मूळ राज्याच्या जिल्हाधिकाऱ्याचा लेखी अहवाल येईपर्यंत परत पाठवणी नाही, अहवालाला ३० दिवसांची मुदत, आणि तोवरच्या स्थानबद्धतेचा खर्च २५८(३) खाली केंद्राकडून. अपील सर्किट बेंचकडे नको, आधी जिल्हा न्यायाधीशाकडे ठेवा. नाही तर तिथे रिट याचिकांचा ढीग लागेल आणि प्रतिपक्ष तेवढंच धरून बसेल.